बंदी कुणी घालायची, किती काळ

फायटिंग गेमची स्पर्धा शेजारी बसून खेळली जाते. 'स्ट्रीट फायटर', 'टेकन', 'सुपर स्मॅश ब्रदर्स' यांसारख्या खेळांत दोघे खेळाडू एकाच पडद्यासमोर, कोपराला कोपर लागेल इतक्या जवळ बसतात आणि सामना संपला की हात मिळवून पुढच्या जोडीला खुर्च्या रिकाम्या करून देतात. स्पर्धा बहुधा दुहेरी बाद पद्धतीची असते. एकदा हरलेला खेळाडू पराभूतांच्या फळीत जातो, दुसऱ्यांदा हरला की बाद. बाद झाला तरी तो घरी जात नाही. मागे उभा राहून बाकीचे सामने बघतो, हरणाऱ्याला डिवचतो, नवख्याला न विचारता सल्ले देतो. आठवड्याला किंवा पंधरवड्याला भरणाऱ्या अशा छोट्या स्पर्धेला खेळाडू 'लोकल' म्हणतात. पंचवीस-तीस जण, एखादा गेमिंग कॅफे किंवा कॉलेजची खोली, घरून आणलेले मॉनिटर आणि कन्सोल, प्रवेश फीतून जमलेले बक्षीस, एवढाच तिचा संसार.

हे जग कुणी वरून उभारलेले नाही. 1991 साली 'स्ट्रीट फायटर 2' आला आणि नाणे टाकून खेळायच्या यंत्रांभोवती गर्दी जमू लागली. कॅलिफोर्नियात 1996 मध्ये 'बॅटल बाय द बे' या नावाने सुरू झालेली हौशी स्पर्धा 2002 पासून 'ईव्हो' झाली आणि आज ती या खेळांतली सर्वांत मानाची स्पर्धा आहे. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या शहरांतही व्हिडिओ गेम पार्लर निघाली. तिथे शिस्तीचा प्रश्न सोपा होता. यंत्रावर बुक्की मारणाऱ्या पोराला मालक कॉलर धरून बाहेर काढायचा, आणि चार दिवसांनी तेच पोरगे परत यायचे. पार्लर गेली, मालकही गेला; त्याच्या जागी क्रिकेटसारखे मंडळ, सामनाधिकारी किंवा अपील समिती काही आली नाही. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्टला मान्यता दिली खरी, पण शनिवारच्या कॅफेतल्या भांडणाशी त्याला कर्तव्य नाही. खेळाचा हक्क कंपनीकडे, जागेचा हक्क कॅफेवाल्याकडे, आणि शिस्तीची जबाबदारी पदरचा वेळ घालून ब्रॅकेट, म्हणजे सामन्यांच्या जोड्यांचा तक्ता, लावणाऱ्या माणसाकडे. बंदीचे सगळे वाद या तिसऱ्याच्या डोक्यावर येऊन पडतात.

पुढील संवादातली दोन्ही पात्रे प्रातिनिधिक आहेत. एक आहे पुण्यासारख्या शहरात साप्ताहिक लोकल चालवणारी तरुण आयोजक. दुसरा पार्लरच्या काळापासून खेळणारा, पेशाने वकील. तिचा कल दार लवकर लावून घेण्याकडे, त्याचा कल दार लावण्याआधी चार प्रश्न विचारण्याकडे.

आयोजक: दादा, खेळाच्या नियमांवर मला वाद घालायचाच नाही. सामना चालू असताना पॉज दाबला, राउंड गेला. आपोआप बटणं दाबणारा टर्बो किंवा मॅक्रो लावलेला कंट्रोलर सापडला, सामना गेला. सगळं लिहिलेलं आहे.

वकील: लिहिलेलं आहे, पण पॉज कुणी दाबला हे बघतेस का? मागे उभ्या असलेल्या कुणाच्या तरी सॅकमध्ये वायरलेस कंट्रोलर असतो. आधीच्या सामन्यानंतर तो कन्सोलपासून तोडायचा राहिलेला असतो. सॅक जमिनीवर आपटली, आतलं बटण दाबलं गेलं, आणि खेळणाऱ्या दोघांचाही संबंध नसताना ऐन कॉम्बोच्या मध्यात पडद्यावर मेनू आला.

आयोजक: म्हणून तर उठताना कंट्रोलर तोडून जायचं असा नियम आहे. मेनू आला की मी पहिल्यांदा विचारते, कुणाचा? सॅकवाल्याला तंबी मिळते, खेळणाऱ्यांना नाही.

वकील: म्हणजे हेतू बघतेस. हरकत नाही. आणि फायनलला पोचलेले दोन मित्र बक्षीस आधीच वाटून घेतात, त्याचं काय?

आयोजक: वाटून घेतलं तर घेऊ देत, पैसे त्यांचे आहेत. पण वाटणी झाली म्हणून कधी हात न लावलेली पात्रं घेऊन हसत-खिदळत खेळायला लागले, तर तो सामना खोटा. बघायला थांबलेल्यांची फसवणूक. दोघांनाही बाद करते.

मोठ्या स्पर्धांचे नियमही याच अंगाने जातात. संगनमत ठरले की बाद. या वर्गातल्या गैरप्रकारांची एक सोय असते. पुरावा पडद्यावर असतो आणि शिक्षा त्याच संध्याकाळी संपते. बंदीचा प्रश्न तिथून पुढे, म्हणजे माणसाच्या वागण्यापाशी सुरू होतो.

वकील: आमच्या वेळी हरलेल्याच्या तोंडावर ओरडल्याशिवाय जिंकल्यासारखं वाटायचं नाही. चिडवणं हा या खेळाचा भाग आहे. ते काढलंस तर बुद्धिबळाचा क्लब होईल.

आयोजक: चिडवू देत की. 'एकच चाल येते तुला' म्हणावं, 'आता रडशील' म्हणावं, जिंकल्यावर खुर्चीवर उभं राहून नाचावं. पण आई-बहिणीवर गेलात, अंगावर धावून गेलात, कंट्रोलर भिरकावला, तर तो सामन्याचा भाग राहत नाही. आणि जातीवरून बोललात तर मामला माझ्या हातात नाहीच.

वकील: ते मात्र खरं. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून अपमानित करणं हा 1989 च्या अट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. 'खेळाच्या भरात बोललो' हा बचाव मी तरी कोर्टात मांडणार नाही. पण बाकीच्या शिवीगाळीला तू थेट कायमची बंदी घालतेस, हे मला पटत नाही. एकोणीस वर्षांचं पोरगं, हरलं, तोंड सुटलं. त्याला जन्मभर हाकलणार?

आयोजक: एकदा नाही सुटलं, सहा वेळा सुटलं. दर वेळी सॉरी म्हणाला.

वकील: मग सहाव्या वेळी सहा महिने घाल. पण तारीख सांग. 'अमुक तारखेला परत ये' असं ऐकलं की माणूस वाट बघतो. 'परत दिसू नकोस' ऐकलं की तो दुसऱ्या नावाने येतो, नाहीतर कायमचा वैरी होतो.

या मुद्द्यावर एक गाजलेले उदाहरण आहे. 'स्मॅश ब्रदर्स मेली' या 2001 च्या खेळात 'लेफन' या नावाने खेळणारा विल्यम येल्टे हा स्वीडनचा खेळाडू तरुणपणी तोंडाळ म्हणून कुप्रसिद्ध होता. वारंवार अपमानास्पद वागल्याबद्दल त्याच्याच देशातल्या खेळाडूंनी त्याला काही काळ स्थानिक स्पर्धांतून बाहेर ठेवले. बंदी संपल्यावर तो परतला. 2018 च्या ईव्होमध्ये मेलीच्या अंतिम सामन्यात त्याने आपलाच देशबंधू आर्माडा याला हरवून विजेतेपद मिळवले, आणि 2023 मध्ये 'गिल्टी गिअर स्ट्राइव्ह' या वेगळ्याच खेळात पुन्हा ईव्हो जिंकले. जिभेचा तिखटपणा त्याने पुरता सोडला असे त्याचे चाहतेही म्हणणार नाहीत. तरीही बंदी एका ठरावीक वागणुकीसाठी होती, तिला शेवट होता, आणि तिने खेळाडू संपवला नाही, एवढे त्यातून दिसते.

आयोजक: हे उदाहरण सगळेच देतात. तो परत आला, जिंकला, छान झालं. पण त्याच्या तोंडाला कंटाळून त्या काळात कितीजण यायचे बंद झाले असतील, त्यांची नावं कुणाला माहीत आहेत का?

वकील: नाहीत.

आयोजक: तेच म्हणते. बंदी घातली की एक माणूस गेलेला दिसतो. नाही घातली की पाच जण जातात, पण ते गुपचूप जातात. पुढच्या शनिवारी येत नाहीत, इतकंच. मुली तर पहिल्यांदा जातात.

हा आयोजकाचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. 2012 च्या फेब्रुवारीत कॅपकॉम कंपनीने 'स्ट्रीट फायटर एक्स टेकन'च्या जाहिरातीसाठी 'क्रॉस असॉल्ट' नावाची स्पर्धा इंटरनेटवर थेट दाखवली. तिच्यात एका संघाचा प्रशिक्षक आपल्याच संघातल्या महिला खेळाडूवर कॅमेऱ्यासमोर अश्लील शेरेबाजी करत राहिला. हटकल्यावर त्याने लैंगिक छळ हा या खेळांच्या संस्कृतीचाच भाग असल्याचे समर्थन केले. माफी नंतर आली. स्पर्धा सोडली ती त्या महिला खेळाडूने. हजारो लोक बघत असताना हे घडू शकले, तर कॅफेच्या मागच्या कोपऱ्यात काय होत असेल याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

वकील: छळाच्या तक्रारीत मी आरोपीची बाजू घेतोय असं समजू नकोस. मी एवढंच विचारतो, तू काय शोधून काढणार? तुझ्याकडे पोलीस नाहीत, साक्ष घ्यायचा अधिकार नाही. एकाने सांगितलं, दुसऱ्याने नाकारलं. तू कुणाचं खरं धरणार?

आयोजक: मला खरं-खोटं ठरवायचंच नाही. तिला शनिवारी यायला भीती वाटते, तो शनिवारी येणार आहे. मला शनिवारचं बघायचं आहे.

वकील: आता कसं बोललीस. 2013 चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा आहे ना, त्यात 'कामाचं ठिकाण' या व्याख्येत क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागासुद्धा धरलेली आहे. गेमिंग कॅफे त्यात बसतो का, यावर मी दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करू शकेन. पण तो कायदा चौकशीला 90 दिवस देतो, आणि चौकशी चालू असताना तक्रारदार आणि आरोपी यांना वेगळं ठेवायची सोयही देतो. ठपका आणि अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आयोजक: म्हणजे चौकशी होईपर्यंत 'तू येऊ नकोस' म्हणायला हरकत नाही?

वकील: नाही. त्यासाठी एक सुसंगत तक्रार पुरे. जागा खासगी आहे, कुणाला आत घ्यायचं हे ठरवता येतं. फक्त त्याला कारण सांग, त्याचं म्हणणं लेखी घे आणि किती आठवड्यांत निर्णय देणार ते कळव. कायमचं काढायचं असेल तर मात्र त्याहून जास्त पुरावा हवा. मेसेज, साक्षीदार, आधीच्या तक्रारी. शिक्षा जितकी लांब, तितका पुरावा जड.

आयोजक: आणि तक्रार करणाऱ्या मुलीचं नाव त्याला सांगायचं? मग उद्यापासून कुणीच तक्रार करणार नाही.

वकील: काय घडलं ते न सांगता त्याचं म्हणणं कसं घेणार? नाव न घेता घटना सांगता येते, पण तीस जणांत घटना सांगितली की नाव कळतंच. याला सोपं उत्तर नाही. तिला आधी विचार, किती सांगितलेलं चालेल. ती जेवढं चालेल म्हणेल तेवढ्यावर जी कारवाई करता येईल ती कर. तेवढ्यावर कायमची बंदी होत नसेल, तर नाही होत.

आयोजकाला हे उत्तर पुरेसे वाटत नाही, आणि वाटण्याचे कारणही नाही. मोठ्या संस्थेत तक्रार घेणारा, चौकशी करणारा आणि निर्णय देणारा वेगळा ठेवता येतो. लोकलमध्ये हे तिघे म्हणजे एकच माणूस असतो, आणि बहुतेकदा तो आरोपीचा मित्रही असतो. आरोपी मॉनिटर आणतो, स्ट्रीमचा कॅमेरा त्याचा, आयोजकाला रात्री घरी सोडणारी गाडीही त्याचीच. त्याला काढले तर पुढच्या शनिवारी दोनच सेटअप उरतात. बंदी लांबण्याचे खरे कारण पुराव्याच्या चर्चेपेक्षा या मॉनिटरमध्ये अधिक वेळा सापडते.

2020 मध्ये हाच पेच सर्वांत वरच्या पातळीवर दिसला. त्या वर्षाच्या मध्यात स्मॅशच्या आणि इतर फायटिंग गेमच्या खेळाडूंवर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप एकामागून एक जाहीर झाले. स्मॅशची मालक कंपनी निन्टेन्डोला निषेधाचे निवेदन काढावे लागले. जुलैच्या सुरुवातीला खुद्द ईव्होच्या प्रमुखावर, जुन्या काळात अल्पवयीन मुलांशी केलेल्या वर्तनाबद्दल आरोप झाले. ज्याच्याकडे दाद मागायची तोच आरोपी. कॅपकॉम, बंदाई नामको आणि नेदररेल्म या कंपन्यांनी आपले खेळ काढून घेतले, प्रमुखाला दूर करण्यात आले आणि त्या वर्षीची ऑनलाइन ईव्हो रद्द झाली. मार्च 2021 मध्ये सोनी आणि आरटीएस या कंपन्यांनी ती स्पर्धा विकत घेतली. लोकलच्या मागे अशी कंपनी उभी नसते, तिथे खेळ काढून घेणारा कुणी नाही.

वकील: म्हणून निर्णय एकटीने देऊ नकोस. तीन जण ठेव, त्यातला एक न खेळणारा. कॅफेची मॅनेजर चालेल, दुसऱ्या शहरातली आयोजक चालेल. ज्याची आरोपीशी मैत्री किंवा भांडण आहे, त्याने त्या प्रकरणापुरतं उठून जायचं. तुझ्यावरच तक्रार आली तर ती कुणाकडे जाईल, हे आजच लिहून ठेव.

आयोजक: चालेल. आणि निर्णय झाला की जाहीर करायचा ना? सगळ्यांना कळायला हवं.

वकील: काय जाहीर करणार?

आयोजक: की त्याने असं असं केलं.

वकील: तिथेच गोची होते. 'अमुक व्यक्तीला 31 मार्चपर्यंत आमच्या स्पर्धेत प्रवेश नाही, आचारसंहितेचं कलम चार' हे तुझ्या स्पर्धेबद्दलचं खरं विधान आहे. 'अमुक माणूस विकृत आहे' हे त्याच्याबद्दलचं विधान आहे, आणि ते सिद्ध करायची वेळ तुझ्यावर येऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. खरं आणि लोकहिताचं असेल तर अपवाद आहे, पण तो सिद्ध करायला वकील लागतो, आणि मी फी घेतो. शिवाय लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा त्याच संहितेच्या कलम 72 खाली वेगळा गुन्हा आहे. रागाच्या भरात टाकलेल्या लांबलचक पोस्टमध्ये लोक नेमकं तेच करून बसतात.

आयोजक: बरं, माझ्याकडून काढला तर तो मुंबईच्या लोकलला जाईल. तिथल्या मुलींनी काय करायचं? आम्ही सगळ्या आयोजकांनी मिळून एक यादी ठेवायला हवी. एकीकडे बंदी, सगळीकडे बंदी.

वकील: या यादीची मला भीती वाटते. आपल्या राज्याने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो 2017 पासून लागू आहे. जातपंचायती लोकांना पिढ्यानपिढ्या वाळीत टाकत होत्या म्हणून तो करावा लागला. चार पंच बसले, बंद खोलीत ठरवलं, आणि कुटुंबाचं पाणी तोडलं.

आयोजक: दादा, काहीतरीच काय! तिथे माणूस जातीत जन्माला येतो, बाहेर पडला तर लग्न-मयत अडतं. इथे त्याला 'टेकन' खेळता येणार नाही, तेही फक्त आमच्या खोलीत. घरी बसून रात्रभर ऑनलाइन खेळू दे.

वकील: कायदा लागू होतो असं मी म्हणतच नाहीये. दोन्हींची तुलना करायचीही गरज नाही. फक्त पंचांचा दोष घेऊ नकोस. तिथे माणसाला आरोप नीट सांगत नव्हते, कागद नव्हता, आणि अपील कुठे करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. तुमच्या यादीत या तीन गोष्टी असतील तर माझी हरकत नाही.

आयोजक: मग यादी नको, पत्र पाठवते. 'आम्ही याला या कलमाखाली या तारखेपर्यंत काढलं आहे. कागदपत्रं हवी असतील तर विचारा.' मुंबईवाल्यांनी आपलं बघावं.

वकील: उत्तम. त्यांनी कागद बघून स्वतः ठरवावं. कोऱ्या यादीवर सही करू नये.

या ठिकाणी दोघांची मते बरीच जवळ आली आहेत, तरी अंतर उरतेच. आयोजकाच्या हिशेबी चुकून बाहेर राहिलेल्या एका खेळाडूचे नुकसान चुकून आत राहिलेल्या एका छळणाऱ्याने केलेल्या नुकसानापेक्षा कमी आहे. वकिलाला हा हिशेबच मान्य नाही. साप्ताहिक स्पर्धेपुरते बोलायचे तर आयोजकाचे म्हणणे अधिक बरोबर आहे. एका खोलीचे दार काही आठवडे बंद राहणे ही मोठी हानी नव्हे, आणि पुरावा जमेपर्यंत थांबण्याची किंमत नेहमी दुसराच कुणी मोजतो. मात्र कायमची बंदी, जाहीर आरोप आणि शहराबाहेर जाणारी नावे या तीन बाबतींत वकिलाच्या अटी पाळल्याच पाहिजेत. त्या न पाळणारी लोकल पहिल्या खोट्या तक्रारीला किंवा पहिल्या नोटिशीला कोलमडते, आणि त्यानंतर खऱ्या तक्रारीही कुणी ऐकत नाही.

एका बाबतीत दोघांत मतभेद नाही, कारण तिथे मताला वावच नाही. लोकलमध्ये शाळकरी मुले येतात; नववी-दहावीतले पोर विशीतल्या खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून बसते आणि घरी गेल्यावर त्यांच्याशी चॅटवर बोलते. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा होण्याची शक्यता दिसली, तर समिती, लेखी म्हणणे, तारखेची बंदी यांतले काहीही पुरेसे ठरत नाही. 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ज्याला हे कळले त्या प्रत्येकाने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हे बंधन आयोजकावर आहे, मागे उभ्या असलेल्या खेळाडूवर आहे आणि कॅफेच्या मालकावरही आहे. मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक 1098 आहे. तो प्रवेशदारावर आचारसंहितेच्या शेजारी लावावा.